पहिल्या तासाचा चीक

अक्कलकुवा असो वा मुंबई, नातू जन्मताच गूळपाण्याचे बोट चाटविण्याची रीत अनेक घरांत आढळते. मध आपल्याकडे वर्ज्यच, गूळपाणीही टाळावे. आईच्या दुधातील काही शर्करा बाळाला पचत नाहीत; त्या त्याच्या आतड्यातील हितकर बिफिडोजीवाणूंचे अन्न होत. हे जीवाणू आतडे आम्लधर्मी ठेवून रोगजंतूंना थोपवितात. ओडिशात स्तनपानावरील ४,५५६ नवजातांच्या चाचणीत काहींना हितकर जीवाणू पोषकांसह दिले. त्यांच्यात जंतुदोष व मृत्यू मिळून ४० टक्क्यांनी घटल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि असे औषध वैद्यकीय सल्ल्याविना देऊ नये. पहिल्या तासात चीक, पुढे सहा महिने केवळ आईचे दूध. आजीने बोट आवरावे आणि सुनेला धीर द्यावा. नातवाला तीच खरी भेट.