व्हॅक्यूम क्लीनर : करी रोडचा अनुभव आणि आपली खरेदी



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की घरोघरी खरेदीची बोलणी सुरू होतात. पूर्वी ती बैलजोडी, इंजिन, पाइपलाइन एवढ्यापुरती असत. आता मुलगा-सून म्हणतात, "एक व्हॅक्यूम क्लीनर घेऊ या." यात नवल वाटण्याचे कारण नाही. घरे स्लॅबची झाली, फरशी आली, गाद्या-सोफे आले. पण पेटवलेल्या पाचटाची काजळी, मळणीचा भुसा आणि ऊसगाड्यांनी उडवलेला फुफाटा घरात यायचा तो येतोच. घरात कुणाला दमा असेल तर धूळ हा नुसता स्वच्छतेचा प्रश्न राहत नाही, श्वासाचा होतो.

मात्र हे यंत्र घेऊन वर्षभरात माळ्यावर टाकणारी घरेही पुष्कळ आहेत. पैसा घामाचा आहे. म्हणून खात्रीचे यंत्र कसे ओळखावे, हे सभासदांपुढे मांडावे असे आम्ही ठरविले. त्यासाठी दुकानदाराकडे जाण्याआधी आम्ही मुंबईत करी रोडला गेलो.

करी रोडलाच का?

चिंचपोकळी आणि परळ यांच्यामधले हे स्टेशन आपल्या भागाला नवे नाही. घाटावरच्या कितीतरी घरांतला एक भाऊ शेतावर राहिला आणि दुसरा गिरणीत गेला. लालबाग, करी रोड, डिलाईल रोडच्या चाळींत गावकीच्या खोल्या होत्या. एका खोलीत पाळीपाळीने दहा-पंधरा गडी झोपायचे. शेतीला अडचण आली की तिथून मनिऑर्डर यायची.

त्या गड्यांना धुळीची ओळख आपल्याआधी झाली. गिरणीतल्या ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यात कापसाची बारीक धूळ सतत तरंगत असे. ती वर्षानुवर्षे छातीत गेली की बिसिनोसिस नावाचा रोग जडतो. सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, ही त्याची सुरुवातीची खूण. पुढे दम कायमचा लागतो. परळच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी मुंबईच्या गिरणी कामगारांमधील या रोगाचा अभ्यास केलेला आहे. साखर धंद्यालाही असलाच एक रोग माहीत आहे. बुरशी आलेल्या जुन्या बगॅसची धूळ छातीत गेल्याने होणारा बगॅसोसिस. डोळ्यांना दिसते ती धूळ झाडूने निघते. छातीत जाते ती बहुधा दिसतच नाही. यंत्र निवडताना ही गोष्ट सर्वांत आधी ध्यानात ठेवावी.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगावचे दिवस फिरले. योगायोग असा की, त्याच १९८२ साली फोर्ब्स आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांच्या भागीदारीतून युरेका फोर्ब्स ही कंपनी निघाली. टाय लावलेली तरुण मुले दारोदार जाऊन यंत्र चालवून दाखवू लागली आणि व्हॅक्यूम क्लीनर हा शब्द मराठी घरांत आला. तेव्हा ते ब्लॉकमधल्या लोकांचे यंत्र होते. आज श्रीनिवास मिलच्या जागेवर उंच मनोरे उभे आहेत. ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या बदल्यात पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरे देण्याची योजना आहे. खोली मोठी झाली की गादी, पलंग, पडदे येतात. बांधकामाची धूळ तर तिथे बारमाही. त्यामुळे आपल्याच नात्यागोत्यातली माणसे तिथे ही यंत्रे वापरताना दिसतात. त्यांचा अनुभव आपल्या कामाचा आहे.

दोन घरे, दोन अनुभव

एका घरी यंत्र तिसऱ्या वर्षीच माळ्यावर गेले होते. घरातल्या काकी म्हणाल्या, "आवं, यंत्रात काय खोट नव्हती. पर पाइप चिरला आन् तसला पाइप कुठं मिळंना. ती बनावटच बंद झाली म्हनले. पिशवीबी मिळंना. मग काय, परत केरसुनी." कंपनी कोणती हे इथे महत्त्वाचे नाही. असे कुठल्याही मालाचे होऊ शकते.

दुसऱ्या घरी त्याहून जुने यंत्र रोजच्या वापरात होते. तिथले आबा गिरणीत फिटर होते. दर पंधरवड्याला फिल्टर झटकतात, धुण्याजोगा असेल तर धुऊन पुरता वाळवतात. मोटारीचे कार्बन झिजले तेव्हा लोहार चाळीतून आणून स्वतः बसविले. आबांचा सल्ला असा : "घेताना आधी उघडून बघायचं. आपल्या हातानं उघडत नसंल, तर साफ कोन करनार? आन् कार्बन मिळत नसंल, तर ते मशीन फेकायसाठीच केलंय म्हनायचं."

आपण डिझेल इंजिन घेताना काय करतो? तालुक्याला त्याचे पार्ट मिळतात का, मिस्त्रीला ते माहीत आहे का, हे आधी विचारतो. घरात येणाऱ्या यंत्राला मात्र रंग आणि स्कीम पाहून पसंत करतो. इथेच फसगत होते.

यंत्र चालते कसे

हवा ओढून धूळ पकडण्याचे यंत्र १९०१ साली ह्युबर्ट सेसिल बूथ या इंग्रज इंजिनिअरने काढले. ते एवढे अवजड होते की घोडागाडीवर घालून दारात आणीत आणि खिडकीतून पाइप आत सोडीत. घरात उचलून फिरवता येईल असे यंत्र अमेरिकेतील जेम्स स्पँगलर यांनी केले. ते झाडलोटीचे काम करीत आणि त्यांना दम्याचा त्रास होता. १९०८ साली त्यांना पेटंट मिळाले. म्हणजे घरगुती व्हॅक्यूम क्लीनर जन्माला आला तोच एका दमेकऱ्याच्या गरजेतून.

आतली रचना सोपी आहे. मोटार पंखा फिरवते, पंखा हवा ओढतो, हवेबरोबर धूळ येते, ती पिशवीत किंवा डब्यात अडते आणि हवा फिल्टरमधून बाहेर पडते. बहुतेक घरगुती यंत्रांत ही हवाच मोटारीला गार ठेवते. विहिरीतले पाणी तुटल्यावर सबमर्सिबल पंप कोरडा चालला की जळतो, तसेच पिशवी भरली, फिल्टर तुंबला की हवा अडते आणि ही मोटार तापते. मोटार गेली म्हणून येणाऱ्या तक्रारींत कित्येकदा मूळ दोष तुंबलेल्या फिल्टरचा असतो.

वॉट, ओढ आणि फिल्टर

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला वॉटचा आकडा म्हणजे यंत्र किती वीज खाते तो आकडा. काम किती करते, ते त्यावरून कळत नाही. युरोपमध्ये सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॉटपेक्षा आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॉटपेक्षा जास्तीची घरगुती यंत्रे बाजारात आणण्यास बंदी झाली. तरी तिथल्या घरांतली साफसफाई काही थांबली नाही.

आपल्या पंपाच्या भाषेत सांगायचे तर वॉट म्हणजे एचपी. किलोपास्कलमध्ये सांगतात ती ओढ म्हणजे हेड. आणि सेकंदाला किती लिटर हवा जाते ते म्हणजे डिस्चार्ज. नुसते हेड चांगले आणि पाणी करंगळीएवढे, असा पंप आपण घेत नाही. इथेही दोन्ही आकडे विचारावेत. दुकानदाराला सांगता आले नाहीत तर माहितीपत्रक मागावे.

फिल्टरकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. हेपा फिल्टर म्हणून जो ओळखला जातो, तो ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी ९९.९७ टक्के अडवतो, असे अमेरिकेतील माप आहे. युरोपात एच-१३ या दर्जासाठी ९९.९५ टक्क्यांची अट आहे. खोक्यावर 'हेपासारखा' किंवा 'हेपा टाइप' असे लिहिले असेल तर तो हेपा नव्हे. आणि फिल्टर उत्तम असूनही झाकणाच्या फटीतून हवा निसटत असेल तर सगळे मुसळ केरात. साधे फिल्टर लावलेले यंत्र मोठी धूळ ओढते आणि बारीक धूळ मागून खोलीभर उडवते. दमेकऱ्याच्या घरी असे यंत्र झाडूपेक्षा बरे म्हणता येणार नाही.

पिशवीचे यंत्र घ्यावे की डब्याचे? डब्याच्या यंत्रात हवा गरगर फिरते आणि धूळ कडेला फेकली जाते. त्यात पिशवीचा खर्च नाही, पण डबा रिकामा करताना धूळ पुन्हा तोंडावर येते. पिशवी बंद करून टाकता येते. म्हणून दमेकऱ्याच्या घरी पिशवी बरी, मात्र ती आपल्या गावी मिळत असेल तरच. बॅटरीचे यंत्र हलके आणि जिन्यात सोयीचे असते. पण बॅटरी काही वर्षांनी उतरतेच. नवी बॅटरी केवढ्याला आणि सुटी मिळते का, हे आधी विचारावे.

वीज आणि वापर

१२०० वॉटचे यंत्र सुमारे सव्वापाच अँपिअर घेते. १६०० वॉटचे सातच्या घरात जाते, त्याला १६ अँपिअरचाच सॉकेट हवा. अर्थिंग नीट असावे. १२०० वॉटचे यंत्र आठवड्यातून तीन वेळा अर्धा-अर्धा तास वापरले तर महिन्याला साधारण आठ युनिट जळतील. तेव्हा विजेचे फार भय नको. व्होल्टेज उतरले की ओढ कमी होते, तो यंत्राचा दोष समजू नये. वायर ओढताना पिवळी खूण दिसेपर्यंत ओढावी, लाल खुणेच्या पुढे नेऊ नये.

कोरड्या यंत्राने पाणी कधीही ओढू नये, त्यासाठी 'वेट अँड ड्राय' जातीचेच यंत्र लागते. चुलीतली किंवा बंबातली राख ओढू नये. आत निखारा असेल तर पिशवी पेटेल आणि गार राखही फिल्टर तुंबवते. सिमेंट आणि पीओपीची भुकटी यांचेही तेच. रॉकेल, पेट्रोल सांडले असेल तिथे तर यंत्र चालूच करू नये.

पैसे देण्यापूर्वी

दाखवायला आलेला विक्रेता सतरंजीवर पावडर टाकून ओढून दाखवतो. ते कुठलेही यंत्र करील. आपण पुढील गोष्टी कराव्यात :

१. आपल्या घरातल्या जुन्या गादीवर आणि सोफ्याच्या सांध्यात यंत्र चालवायला लावावे.

२. मागून हवा येते तिथे ओलसर काळे फडके मिनिटभर धरावे. फडक्यावर धूळ दिसली की फिल्टर समजला.

३. पाइपच्या तोंडावर तळहात दाबून धरावा. झाकणाच्या कडेने हवेची शिट्टी ऐकू आली तर नको म्हणावे.

४. यंत्र घरातल्या बाईमाणसाच्या हाती द्यावे. वापरणार त्या, तर वजन आणि आवाज त्यांनाच मान्य हवा.

५. डबा, पिशवी, फिल्टर स्वतः काढून पुन्हा बसवून पाहावे.

६. पिशवी, फिल्टर, पाइप आणि कार्बन कुठे व केवढ्याला मिळतात हे विचारावे. सर्व्हिस सेंटर मुंबई-पुण्यालाच असेल तर नेण्या-आणण्याचा खर्च किमतीत धरावा.

७. हमी पूर्ण यंत्राची की फक्त मोटारीची, हे कागदावर घ्यावे. पाइप आणि पिशवी बहुधा हमीत नसतात.

८. पक्के बिल, त्यावर यंत्राचा नंबर आणि तारीख घ्यावी. तोंडी वचन धरू नये.

बिल असेल तर दाद मागता येते. ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार यंत्र मुंबईत घेतले असले तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगाची फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

आणखी एक विचार. आपण सहकारातली माणसे आहोत. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली स्थापन झाली, ती घरांचे गट करून एकत्र खरेदी करण्याच्या कल्पनेवरच. एका वाडीतल्या सात-आठ घरांनी एकाच बनावटीची यंत्रे घेतली, तर भावात सूट मागता येईल, पिशव्या एकदम आणता येतील आणि सर्व्हिसचा माणूस एका फेरीत सगळी पाहून जाईल. एकट्याने मागितले तर "बघू" म्हणतात, आठ जणांनी मागितले की माणूस येतो.

शेवटी, केरसुनीला कमी लेखू नये. लहान घर, गुळगुळीत फरशी, गाद्या मोजक्या आणि घरात दमा नाही, अशा ठिकाणी झाडू आणि ओले फडके पुरते. ओल्या फडक्याने तर बारीक धूळ उडतही नाही. घरात दमेकरी असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. यंत्र धूळ कमी करील, औषधाचे काम करणार नाही. पण घ्यायचेच ठरले, तर ऊस काट्यावर घालताना आपण जेवढे डोळे उघडे ठेवतो, तेवढेच इथेही ठेवावेत. ओढलेली धूळ आत राखणारे आणि मोडले तर जवळपास दुरुस्त होणारे, तेच यंत्र खात्रीचे.