निंबराज (निंबाळकर घराण्याचा मूळपुरुष)

निंबराज हा फलटणच्या नाईक-निंबाळकर घराण्याचा परंपरेने मानलेला मूळपुरुष होय. घराण्याच्या इतिहासानुसार हे कूळ मूळचे माळव्यातील धारच्या परमारांचे, म्हणजे पवारांचे. १३व्या शतकात त्यांची एक शाखा दक्षिणेत उतरली आणि शंभू महादेवाच्या डोंगररांगेच्या आश्रयाने आजच्या सातारा जिल्ह्यातील निंबळक (ता. फलटण) येथे स्थिरावली, असे सांगितले जाते. उत्तरेतील राजकुळाशी नाते जोडण्याची रीत अनेक मराठा घराण्यांत असल्याने हा भाग सावधपणे वाचावा लागतो. ‘निंबराज’ आणि ‘निंबळक’ या नावांतील साम्यही विचारात पाडणारे आहे.

निंबराज हे नाव घराण्यात पुन्हा आले आहे. जगदेवराव हा दिल्लीच्या सुलतानाच्या चाकरीत असताना १३२७ मध्ये लढाईत पडला व त्याबद्दल त्याचा पुत्र निंबराज यास जमीन आणि ‘नाईक’ हा किताब मिळाला, असे ब्रिटिशकालीन गॅझेटियर नोंदवते. मुहम्मद तुघलकाने राजधानी देवगिरीस (दौलताबाद) नेली ती याच सुमारास. दक्षिणेत पाय रोवू पाहणाऱ्या सत्तेला माणसे जमवू शकणारे स्थानिक सरदार हवे होते. या पार्श्वभूमीवर ही नोंद सुसंगत वाटते. नाईक म्हणजे शिपायांच्या तुकडीचा प्रमुख.

शिपाईगिरीने मानमरातब मिळे, पण परक्याचे पाय रोवले जात ते जमिनीमुळे. जुन्या गावगाड्यात बाहेरून येऊन जमीन कसणाऱ्यास ‘उपरी’ म्हणत. वंशपरंपरागत हक्काचा कुणबी तो ‘मिरासदार’. उपऱ्यास गावाच्या मानपानात स्थान नसे. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याला पहिल्या वर्षी अल्प सारा आणि पुढे दरसाल थोडी वाढ, अशी ‘इस्तावा’ची सवलत दिली जाई. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील फलटण-माणसारख्या अवर्षणप्रवण मुलखात अशा सवलतीवाचून ओसाड गावे पुन्हा वसणे कठीण होते. गावे वसविणे, सारा वसूल करणे आणि वेळप्रसंगी स्वार-प्याद्यांसह चाकरीस हजर होणे ही देशमुखाची कामे. देशमुख स्वतः नांगर धरो वा न धरो, त्याची फौज या शेतांवरच पोसली जाई. पेरणी-सुगीला रानात राहणारा कुणबी दसऱ्यानंतर मोहिमेवर निघे. शेतकरी आणि शिपाई यांत फारसे अंतर नव्हते.

आडनाव हा या स्थित्यंतराचा सर्वांत बोलका पुरावा आहे. ‘निंबाळकर’ हे नाव घराणे कोठून आले ते सांगत नाही, कोठे रुजले ते सांगते. सांगली जिल्ह्यातील जतचे डफळे हे याचे दुसरे उदाहरण. मूळ आडनाव चव्हाण. डफळापूरची पाटीलकी त्यांच्याकडे होती, त्या गावावरून ते डफळे झाले. १७व्या शतकात सटवाजीराव डफळे यांस आदिलशाहीकडून देशमुखी मिळाली आणि पाटलाचे घराणे संस्थानिक बनले. याउलट सांगलीच्या पटवर्धनांनी मूळ आडनाव सोडले नाही. त्यांचे पूर्वज हरभट हे कोकणातील कोतवड्याहून घाटावर आले ते भिक्षुकीच्या वृत्तीने. तलवार हाती घेतली ती त्यांच्या मुलांनी.

निंबाळकरांनी पुढे आदिलशाहीची चाकरी केली. भोसले घराण्याशी त्यांचे विवाहसंबंध जुळले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्नी आणि छत्रपती संभाजी महाराजांच्या मातोश्री सईबाई या याच घराण्यातील. फलटण संस्थान १९४८ मध्ये भारतीय संघराज्यात विलीन झाले.