बाळाची लस : नववा महिना विसरू नका

भात आवणीच्या दिवसांत मावळातली सगळी कर्ती माणसे खाचरात असतात. तिकोणा पेठेसारख्या गडाच्या पायथ्याच्या गावांना पाऊसही झोडपत असतो. मग तान्ह्या बाळाची लस 'पुढच्या खेपेस देऊ' म्हणून राहते आणि पुष्कळदा राहूनच जाते.

कोणती लस केव्हा?

जन्मताच : बी.सी.जी., पोलिओचे थेंब, कावीळ-ब.

दीड, अडीच व साडेतीन महिने : पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटाव्हायरस. दीड व साडेतीन महिन्यांना न्यूमोनियाची पी.सी.व्ही. लसही.

नऊ महिने पूर्ण : गोवर-रुबेला, पी.सी.व्ही., पोलिओचे इंजेक्शन.

सोळा ते चोवीस महिने : गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणी व पोलिओचे बूस्टर.

पाच ते सहा वर्षे : त्रिगुणी. दहा व सोळा वर्षे : टी.डी.

पेंटाव्हॅलंटच्या एकाच सुईने घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब जंतूंमुळे होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर यांपासून संरक्षण मिळते.

पहिले डोस बहुतेक घरांत नेटाने दिले जातात. नवव्या महिन्यात बाळ रांगू लागते, अंग धरते आणि आईबाप निर्धास्त होतात. नेमका तेव्हाच गोवराचा धोका असतो, कारण आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती आता ओसरलेली असते. गोवर हवेतून पसरतो. रोगी खोलीतून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत तिथे टिकू शकतात. गोवर म्हणजे देवीचा कोप नव्हे. त्यातून न्यूमोनिया, मेंदूला सूज, अंधत्व येऊ शकते. २०२२ साली मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली, तेव्हा लस न घेतलेली बालके दगावली.

पहिल्या डोसने सर्वच मुलांत पुरेशी शक्ती तयार होत नाही. दुसरा डोस त्यासाठीच असतो.

काही शंका

साधी सर्दी, खोकला असला तरी लस देता येते. लसीनंतर एकदोन दिवस ताप येऊ शकतो. औषध आरोग्यसेविकेच्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे. बी.सी.जी.च्या जागी काही आठवड्यांनी बारीक फोड येऊन व्रण राहतो. त्यावर हळद, मलम काही लावू नये. एखादा डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेला डोस लवकर घ्यावा.

लसीकरणाने देवी हा रोग नाहीसा झाला. भारतात नैसर्गिक (वाइल्ड) विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ साली सापडला. सरकारी केंद्रात या लसी मोफत मिळतात. आज घरातले लसीकरण कार्ड काढा आणि कोणता रकाना रिकामा आहे ते पाहा. आशाताईंना विचारा. आवणी एक दिवस थांबेल, गोवर थांबणार नाही.