मदतीचे शेवटचे काम

कोरोनाच्या लाटेतला एप्रिल २०२१ वसई-विरारमध्ये कुणीही विसरलेले नाही. नालासोपाऱ्यात ऑक्सिजनअभावी रुग्ण दगावल्याच्या बातम्या येत होत्या. २३ तारखेच्या पहाटे विरारमध्ये एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि माणसे बेडवरच गेली. त्या धास्तीतूनच लोक उभे राहिले. सोसायट्यांनी वर्गणी काढली, कंपन्यांनी सामाजिक उत्तरदायित्वाचा म्हणजे सीएसआरचा निधी दिला, परदेशातल्या वसईकरांनी यंत्रे पाठवली. ठिकठिकाणी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घरपोच देणारी केंद्रे सुरू झाली. मी निवृत्त परिचारिका, म्हणून अशाच एका केंद्राचा साठा माझ्याकडे सोपवला गेला.

लाट ओसरली, हॉल रिकामा करायची वेळ आली. आत कॉन्सन्ट्रेटर, सिलिंडर, फ्लोमीटर, ऑक्सिमीटर, पीपीई किट, मास्क, सॅनिटायझरचे कॅन आणि गोळ्यांची खोकी उरली होती. बैठकीत बहुतेकांचे मत एकच पडले, "टेम्पो भरा आणि जव्हार-मोखाड्याला पाठवून द्या. तिथे गरज आहेच." हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण ज्यांना द्यायचे त्यांना विचारायचे कुणाला सुचले नव्हते. आपल्याला नको झालेली वस्तू दुसऱ्याला हवीच असेल, असे धरून चालणे ही मदत नव्हे.

मी मोखाडा तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "सिस्टर, यंत्रे आमच्याकडेही आहेत. पावसाळ्यात वीज गेली की ती चालत नाहीत. भरलेला सिलिंडर आणि चांगला फ्लोमीटर मिळाला, तर तो रात्री-अपरात्री उपयोगी पडेल. आणि ऑक्सिमीटर द्या, आशाताईंना पाड्यावर नेता येतात."

त्या एका फोनने आमची यादी उलटीपालटी झाली. कॉन्सन्ट्रेटर हवा आत ओढून तिच्यातला नायट्रोजन झिओलाइट नावाच्या खनिजाच्या दाण्यांत अडकवतो आणि उरलेला, साधारण ९० टक्क्यांहून शुद्ध ऑक्सिजन रुग्णाला देतो. पाच लिटरच्या यंत्राला सुमारे ३५० वॅट वीज लागते. वीज नसेल तर ते निव्वळ ओझे. शिवाय झिओलाइटचे दाणे दमटपणा शोषतात. वसईच्या किनाऱ्यावरच्या खोलीत यंत्र वर्षभर बंद पडून राहिले, तर दिवा लागतो, पंखा फिरतो, पण नळीतून येणाऱ्या हवेत पुरेसा ऑक्सिजन नसतो. आजाऱ्याच्या घरच्यांना हे कळायला मार्ग नाही. म्हणून देण्याआधी प्रत्येक यंत्र चालवून, मीटर लावून शुद्धता मोजायला हवी, फिल्टर धुवायला हवा, नळी आणि पाण्याची बाटली नवी द्यायला हवी.

न विचारता पाठवलेल्या मदतीचा हा प्रश्न आपल्यापुरता नाही. बोस्नियातल्या युद्धाच्या काळात, १९९२ ते १९९६ या वर्षांत, मदत म्हणून आलेल्या औषधांपैकी सुमारे १७ हजार टन औषधे निरुपयोगी निघाली. काही मुदत उलटलेली, काहींची नावे तिथे कुणाला वाचता येत नव्हती. ती नष्ट करण्याचे ओझे त्या होरपळलेल्या देशाच्या माथी आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांचे सार असे : घेणाऱ्याची गरज आणि इच्छा आधी, औषध पोहोचेल तेव्हा मुदत किमान वर्षभर उरलेली असावी, आणि जे आपण स्वतःच्या रुग्णाला देणार नाही ते दान म्हणूनही देऊ नये. उपकरणांच्या दानासाठीही संघटनेने २०११ मध्ये वेगळी पुस्तिका काढली.

आमच्या साठ्यात मुदत संपत आलेल्या गोळ्या होत्या. त्यांत प्रतिजैविकेही होती. अशी औषधे वाटायची नसतात आणि खाडीत किंवा कचऱ्यातही टाकायची नसतात. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार ती पिवळ्या पिशवीत, अधिकृत यंत्रणेकडेच जातात. मास्कचे इलॅस्टिक ताणून पाहिले, तुटले ते बाजूला काढले. सिलिंडर पुष्कळसे पुरवठादाराचे होते. ते परत करून अनामत सोडवली. आमच्या मालकीच्या सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेली चाचणीची तारीख वाचली. ती उलटली असेल, तर पुन्हा दाबचाचणी झाल्याखेरीज तो भरता येत नाही.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी टाळता येत नाही. सीएसआरच्या पैशातून घेतलेली भांडवली मालमत्ता कुणाच्या नावावर असावी, हे जानेवारी २०२१ च्या नियमांनी ठरवून दिले आहे : सीएसआर नोंदणी असलेली धर्मादाय संस्था, लाभार्थ्यांचे बचतगट वगैरे, किंवा सार्वजनिक प्राधिकरण. कुणा कार्यकर्त्याच्या घरी ते यंत्र कायमचे राहू शकत नाही. परदेशातून आलेली वस्तूही परकीय योगदानात मोडू शकते आणि परकीय योगदान कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर असे योगदान एका संस्थेने दुसरीला देण्यास मनाई आहे. म्हणून सनदी लेखापालाला आधीच विचारावे. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये वस्तूचा सिरीयल नंबर, देणगीदार, कुठे गेली, कुणी सही करून घेतली, हे लिहावे. वर्गणी देणाऱ्याला हा हिशेब मागायचा हक्क आहे.

शेवटी आमचे कॉन्सन्ट्रेटर वसईतच राहिले. चुलीच्या धुराने किंवा जुन्या क्षयाने फुप्फुसे निकामी झालेली कितीतरी माणसे आपल्या आसपास असतात. डॉक्टर घरी ऑक्सिजन घ्यायला सांगतात, पण यंत्र परवडत नाही. व्हीलचेअर, वॉकर, फाउलर बेड अनामत ठेवून वापरायला देणारे एक रुग्णोपयोगी साहित्य केंद्र शेजारीच होते. त्यांनी आमची यंत्रे घेतली. अट एकच ठेवली : डॉक्टरची चिठ्ठी हवी, आणि तिच्यावर लिटरचा आकडा हवा. ऑक्सिजनही औषधच आहे. फुप्फुसांच्या काही जुनाट आजारांत तो अंदाजाने वाढवला तर जिवावर बेतू शकते. सिलिंडर, फ्लोमीटर आणि ऑक्सिमीटर मोखाड्याच्या डोंगराकडे गेले. ऑक्सिमीटरमधले सेल आम्ही आधी काढून घेतले, कारण गळलेला सेल यंत्र खातो, आणि नवे सेल वेगळ्या पाकिटात दिले.

माझे म्हणणे इतकेच आहे की, मदतकार्याचा शेवट पहिल्याच बैठकीत ठरावा. उरलेले कुणाला द्यायचे, दुरुस्ती कोण करील, वाहतुकीचे आणि नव्या सुट्या भागांचे पैसे कुठून येतील, हे उत्साह असतानाच लिहून ठेवावे. काम संपल्यावर माणसे पांगतात, निधी आटतो आणि चांगली वस्तू जिन्याखाली गंजते.

आपल्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये २०२१ चे यंत्र अजून पडून असेल, तर या रविवारी ते सुरू करा, जाणकाराकडून शुद्धता मोजून घ्या. चालत असेल तर जवळच्या साहित्य केंद्राला फोन करून विचारा, हवे आहे का. बिघडले असेल तर ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला द्या. नालासोपाऱ्याच्या एखाद्या चाळीत आज कुणाला तरी धाप लागलेली आहे. ते यंत्र त्याच्या श्वासासाठी विकत घेतले होते. ते त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत आपली वर्गणी कामी आली, असे म्हणता येणार नाही.