खाकी आणि कायदा : जिवंत सुटलेल्याची दाद

मागच्या भागात अटकेचे नियम पाहिले. ते मोडून मारहाण झाली तर ती सिद्ध कशी होते, हे आता पाहू.

बंगळुरूत मारतहळ्ळीहून पुढे गेलं की वर्तूर लागतं. तिथल्या पोलीस ठाण्यातली बातमी २०२१ च्या अखेरीस आली. चिकनच्या दुकानात काम करणाऱ्या बावीस वर्षांच्या तरुणाला गाडीची बॅटरी चोरल्याच्या संशयावरून उचललं, दिवसेंदिवस ठाण्यात ठेवून बेदम मारलं, असा कुटुंबाचा आरोप होता. त्याचा हात कापावा लागला. बोभाटा झाल्यावर पोलिसांवर निलंबनाची कारवाई झाली.

अटक झालेल्या माणसाला २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. राज्यघटनेचं २२ वं कलमच तसं सांगतं. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने नातेवाइकांना कळवणं, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी असे नियमही घालून दिले. पण यातून निसटायची वाट सोपी आहे. अटक दाखवायचीच नाही. ‘चौकशीला बोलावलं होतं’ म्हणायचं. स्टेशन डायरीत नोंद नाही, म्हणजे माणूस ठाण्यात नव्हताच! आणि ती डायरी लिहिणार पोलीसच.

कोठडीत मृत्यू झाला तर कायदा आपणहून जागा होतो. न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी बंधनकारक होते. परभणीचे सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयीन कोठडीत मरण पावले. कायद्याचं शिक्षण घेणारा हा तरुण संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर उसळलेल्या आंदोलनात पकडला गेला होता. पोलिसांनी मारलं नाही, असं सरकार सांगत राहिलं. शवविच्छेदनात मात्र अंगावर अनेक जखमा निघाल्या. त्यांच्या आईने लढा दिला आणि ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला लावला. राज्य सरकारने त्याला दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात फेटाळलं. बंगळुरूतही जीवन बिमा नगर ठाण्यातल्या २०१६ च्या मृत्यूबद्दल चार पोलिसांना सात वर्षांची शिक्षा झाली. त्याला २०२४ साल उजाडलं.

हात गमावून जिवंत परतलेल्यासाठी अशी आपोआप सुरू होणारी चौकशी नाही. त्याने स्वतः दाद मागायची, तीही बहुधा त्याच खात्याकडे. ही उणीव मला सगळ्यात अन्यायाची वाटते.

म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा २ डिसेंबर २०२० चा परमवीर सिंग सैनी निकाल महत्त्वाचा. प्रत्येक ठाण्याचं प्रवेशद्वार, कोठड्या, व्हरांडे, अधिकाऱ्यांच्या खोल्या इथे आवाजासकट चित्रण करणारे कॅमेरे हवेत आणि चित्रण १८ महिने जपायला हवं, असं त्यात सांगितलं आहे. कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाण्याच्या प्रमुखाची. वर्तूरची घटना या निकालाला वर्ष पुरं व्हायच्या आतली. अंमलबजावणी किती ढिली आहे, हे सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा दिसलं. राजस्थानात काही महिन्यांत कोठडीत अकरा मृत्यू झाल्याची बातमी वाचून सर्वोच्च न्यायालयाने कॅमेऱ्यांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली.

तेव्हा ठाण्यात मार खाऊन आलेल्याच्या घरच्यांनी दोन कामं ताबडतोब करावीत. सरकारी रुग्णालयात जखमांची नोंद करून घ्यावी आणि त्या तारखांचं चित्रण राखून ठेवा, असा लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे कसं जायचं, ते पुढच्या आठवड्यात.