पुस्तकाचा तेरा अंकी क्रमांक

कोणतेही नवे पुस्तक हाती घेऊन त्याचे मलपृष्ठ पाहिले, की बहुधा उभ्या काळ्या रेघांची एक चौकट दिसते आणि तिच्याजवळ तेरा अंकांची एक संख्या छापलेली असते. हा आंतरराष्ट्रीय प्रमाण पुस्तक क्रमांक होय. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘आयएसबीएन’ म्हणतात. एकाच नावाची अनेक पुस्तके बाजारात असू शकतात. लेखकांची नावेही सारखी असू शकतात. क्रमांक मात्र वेगवेगळे असल्यामुळे विक्रेत्याला किंवा ग्रंथपालाला नेमके हवे तेच पुस्तक मागवता येते.

ही पद्धत १९६० च्या दशकात ब्रिटनमधील पुस्तकव्यवसायाच्या गरजेतून निर्माण झाली. तेथे प्रथम नऊ अंकी क्रमांक वापरात आला. १९७० मध्ये दहा अंकी क्रमांकाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि १ जानेवारी २००७ पासून तेरा अंकी क्रमांक रूढ झाला. म्हणूनच जुन्या पुस्तकांवर दहाच अंक आढळतात.

या क्रमांकाचे पाच भाग असतात. भारतातील पुस्तकांवर आरंभी ९७८ हे अंक असतात. दुसरा भाग देश किंवा भाषिक प्रदेश दर्शवतो. भारतासाठी ८१ आणि ९३ हे अंक आहेत. पुस्तक पुण्यात निघो, इंदुरात निघो वा बेळगावात, हा भाग तोच राहतो. त्यावरून पुस्तकाची भाषा कळत नाही. तिसरा भाग प्रकाशकाचा, चौथा त्या विशिष्ट पुस्तकाचा आणि शेवटचा एक अंक पडताळणीचा असतो.

पडताळणीची युक्ती मोठी सुबक आहे. पहिल्या बारा अंकांना क्रमाने १ आणि ३ यांनी आळीपाळीने गुणून बेरीज करतात. त्या बेरजेत जो अंक मिळवल्यावर दहाची पट होते, तो तेरावा अंक. ९७८८१ या अंकांपुढे सात शून्ये आहेत, असे समजू. बेरीज ९ + २१ + ८ + २४ + १ म्हणजे ६३ येते. म्हणून शेवटचा अंक ७. लिहिताना एखादा अंक चुकला, तर हे गणित जुळत नाही आणि चूक लगेच उघडकीस येते.

स्वतःचे पुस्तक स्वतः प्रकाशित करणाऱ्या लेखकाने तिसऱ्या भागाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. भारतात हे क्रमांक केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था देते. लेखकालाही तेथे अर्ज करता येतो आणि त्यासाठी शुल्क पडत नाही. अमेरिकेत व ब्रिटनमध्ये मात्र क्रमांक विकत घ्यावा लागतो. असे असूनही आपल्याकडील कित्येक नवे लेखक छपाई करून देणाऱ्या मध्यस्थाला क्रमांकासाठी निराळे पैसे देतात. पैशांपेक्षाही मोठे नुकसान पुढे असते. क्रमांक मध्यस्थाच्या नावावरचा असेल, तर नोंदीत प्रकाशक म्हणून त्याचेच नाव लागते. पुढे लेखकाने स्वतःची आवृत्ती काढायची ठरवली, तर तो क्रमांक तिला वापरता येत नाही. नवा घ्यावा लागतो.

आयएसबीएन घेतला म्हणजे पुस्तकाचे हक्क सुरक्षित झाले, ही समजूतही चुकीची आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार लेखनकृती निर्माण होताच तिचा हक्क सामान्यतः लेखकाकडे येतो आणि त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. क्रमांकाशी त्याचा संबंध नाही. पुस्तकाच्या गुणवत्तेचीही तो ग्वाही देत नाही. सुमार पुस्तकालाही तो मिळतोच!

कापडी बांधणी, कागदी बांधणी आणि ई-पुस्तक या प्रत्येक रूपाला स्वतंत्र क्रमांक लागतो. मजकूर न बदलता केवळ पुनर्मुद्रण केले, तर जुनाच चालतो. सुधारित आवृत्तीला व अनुवादाला नवा घ्यावा लागतो. मासिके, दिवाळी अंक यांसारख्या नियतकालिकांसाठी मात्र आठ अंकांची निराळी पद्धत आहे.