श्रद्धेचे साहस : ‘अरुणोदय’ आणि ‘स्मृतिचित्रे’

मराठी ख्रिस्ती आत्मकथनांत श्रद्धा ही साहसाच्या रूपाने प्रकट होते. परंतु हे साहस सर्वत्र एकाच जातीचे नाही. बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजी यांनी १८५४ मध्ये तेथेच बाप्तिस्मा घेतला. ‘अरुणोदय’ (१८८८) मध्ये वाचन, संशय व वाद या क्रमाने त्यांचा निर्णय सिद्ध होतो आणि आप्तवियोग हे त्याचे मोल ठरते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये तोच वियोग दुसऱ्या बाजूने दिसतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मागे राहिल्या त्या लक्ष्मीबाई. पतीकडे परतल्यावरही त्यांनी सोवळे पाळले. जातिभेद मानवनिर्मित आहे हे पटल्यावर त्यांनी प्रथम अन्नपाण्याचा विटाळ सोडला. १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. पदमनजींकडे विचार आचारास ओढून नेतो. लक्ष्मीबाईंकडे स्वयंपाकघरातील आचारच श्रद्धेची कसोटी होतो. एकाची युक्तिवादप्रधान गंभीरता व दुसरीचा विनोद यांचे मूळ बव्हंशी येथेच आहे. संत ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’शी ‘अरुणोदय’ची तुलना सहज जुळते. ‘स्मृतिचित्रे’स मात्र तो साचा अपुरा पडतो, तेथे धर्मांतराची कथा संसाराच्या कथेपासून वेगळी काढता येत नाही. तौलनिक अभ्यासकाने धर्मांतराचा प्रकार ठरविण्यापूर्वी हा भेद लक्षात घेणे आवश्यक आहे.